थंड खोलीतल्या सुनेत्राताई

भर मे महिन्यात स्वेटर घालून ऑफिसात वावरणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली ती म्हणजे सुनेत्राताई. मी तेव्हा निवृत्तिवेतन शाखेत नवीनच लागले होते. फोर्टातली आमची जुनी दगडी इमारत, उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, आणि त्या पंख्यांखाली घामाने चिकचिकलेले आम्ही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून तपकिरी स्वेटरातल्या एक बाई खाली उतरल्या आणि चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून ऊब घेत खिडकीशी उभ्या राहिल्या.

"त्यांना ताप आहे का?" मी शेजारच्या बाईंना हळूच विचारलं.

"छे गं. त्या मशीन रूमच्या."

मशीन रूम म्हणजे आमच्या खात्याचा गाभारा होता. काचेचं दार, बाहेर चपलांचं लाकडी कपाट, आत कडाक्याची थंडी. राज्यभरच्या निवृत्त सरकारी नोकरांचं पेन्शन त्या खोलीतल्या यंत्रांतून निघायचं. आत खायचं नाही, प्यायचं नाही, विनाकारण शिरायचं नाही. सुनेत्राताई तिथल्या ऑपरेटर. १९९० सालच्या आसपास त्या नोकरीला लागल्या आणि जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी त्याच थंडीत काढली.

त्यांची माझी मैत्री जमली ती जेवणाच्या सुट्टीत. त्या गिरगावात खोताच्या वाडीशेजारच्या चाळीत राहायच्या, मीही गिरगावचीच, त्यामुळे संध्याकाळी एकाच बसने परतायचो. त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं ते त्या बसमध्ये.

माहेर लालबागचं. वडील कुशाबा लोअर परळच्या एका गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. सुनेत्राताई दहावीला असताना संप झाला. संप लांबत गेला, आणि कुशाबांना पुन्हा कामावर बोलावणं आलंच नाही. घरात आईने खानावळ चालवली. सुनेत्राताईंनी टायपिंग केलं, मग दादरला एका क्लासमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स केला. त्या काळात लालबागच्या चाळीत कॉम्प्युटर हा शब्दही नवा होता. शेजारच्या काकू विचारायच्या, "हे शिकून नेमकं काय करायचं असतं गं?" सुनेत्राताईंनाही तेव्हा नीटसं सांगता यायचं नाही.

नोकरी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या सर्दीने आडव्या झाल्या. खोलीत इतकी थंडी असते हे घरी कुणाला खरंच वाटेना. शेवटी कुशाबा स्वतः परळच्या फुटपाथवर थंडीत दुकान मांडून बसणाऱ्या तिबेटी बायकांकडे गेले आणि तो तपकिरी स्वेटर घेऊन आले. मुंबईत जन्म काढलेल्या त्या घरातली ती पहिली लोकरीची वस्तू. स्वेटर लेकीच्या हातात देताना ते म्हणाले होते, "मशीन थंड आणि माणसाक स्वेटर? आमच्या गिरणीत सगळा उलटा होता गो. सुताक दमट हवा लागता, म्हणान आमी घामान न्हावन निघायचो."

गिरणीत खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. त्या दिवशी कामगारांची बायकापोरं नवे कपडे घालून आत यायची, बाप ज्या मशीनवर उभा राहतो ते मशीन बघायची. सुनेत्राताईंना ते लख्ख आठवायचं: चक्रांना झेंडूच्या माळा, तेलाचा वास, आणि वडिलांनी खांद्यावर घेऊन दाखवलेली, सूत गुंडाळत फिरणाऱ्या चात्यांची लांबच लांब रांग.

मशीन रूममध्येही त्यांनी तो रिवाज सुरू केला. तेव्हाचे प्रमुख अण्णा आधी तयार नव्हते. धुराने आगीची घंटा वाजेल, हळदकुंकू मशीनमध्ये जाईल, अशी त्यांना धास्ती. मग तोडगा निघाला. तोरण दाराला, रांगोळी बाहेर, उदबत्ती जिन्यात, आणि मशीनच्या कपाटावर फक्त एक फूल. पहिल्याच वर्षी सुनेत्राताईंनी वडिलांना नेलं. धुवट शर्ट, पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी अशा वेषात कुशाबा अनवाणी आत गेले. मग हात मागे बांधून त्यांनी लोखंडी कपाटाशी कान नेला.

"बरो आसा आवाज," ते म्हणाले. "ह्यो आवाज ध्यानात ठेव. बदललो काय समज, कायतरी बिघडलासा."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी कुशाबांना खुर्ची दिली आणि बाहेर नेऊन पेढा दिला. सुनेत्राताई म्हणायच्या, संपानंतर बाबांना कुणी 'कामगार' म्हणून मान दिला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

महिन्याच्या अखेरीला पेन्शनचा रन लागायचा, म्हणजे राज्यभरच्या पेन्शनचा हिशेब एका दमात छापून निघायचा. त्या दिवसांचं वर्णन करताना सुनेत्राताईंचा चेहरा खुलायचा. खोलीच्या कोपऱ्यातला प्रिंटर सुरू झाला की खालच्या मजल्यावरच्या आमच्या टेबलांना कंप जाणवायचा. कडेला भोकं असलेला कागद धबधब्यासारखा ओघळत राहायचा. बाद झालेले कागद अण्णा वाटून टाकायचे. सुनेत्राताईंच्या चाळीत कित्येक पोरांच्या वह्यांना त्याच कागदाची कव्हरं असायची, आणि गणपतीतल्या मखराच्या आतलं अस्तरसुद्धा. रन रात्री आटोपला की मशीन रूमच्या चौघीजणी आणि अण्णा चर्चगेटपर्यंत चालत जायचे. यंत्रांच्या घरघरीत बोलून बोलून सगळ्यांचे आवाज चढलेले असायचे. रस्त्यात ते साध्या गप्पा मारत असले तरी भांडण चाललंय असं वाटून लोक वळून बघायचे.

पण या सगळ्यात पेन्शन घेणारा माणूस त्यांना कधी भेटला नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला म्हातारी माणसं गावोगावहून आमच्या इमारतीत यायची. ज्याचा दाखला आला नाही त्याचं पेन्शन थांबायचं, म्हणून वर्षातून एकदा माणसाने जिवंत असल्याचं येऊन दाखवायचं. व्हरांडा भरून जायचा. बाकांवर जागा नसायची. जुने सहकारी एकमेकांना अचानक भेटायचे आणि मिठ्या मारायचे. कोण गेलं, कुणाचा गुडघा बदलला, कुणाची नात अमेरिकेला गेली, सगळं तिथे कळायचं. सुनेत्राताई हे काचेपलीकडून बघायच्या. एकदा जिना उतरताना त्यांनी आमच्यातल्या एकाला खिडकीतून सांगताना ऐकलं, "आजोबा, कॉम्प्युटरने तुमचं नाव उडवलंय, मी काय करू?" त्या तिथेच थांबल्या. त्या दिवशी गिरगावला बसमधून उतरताना एवढंच म्हणाल्या, "कॉम्प्युटर स्वतःहून कुणाचं नाव उडवत नाही गं, अनुजा."

दिवस बदलले. मोठी यंत्रं गेली, लहान आली. प्रिंटर गेला. अण्णा निवृत्त झाले, बरोबरच्या तिघी बदलून गेल्या. कुशाबा वारले. पेन्शन थेट बँकेत जाऊ लागलं आणि खात्याची वेबसाइटही झाली. पण ती चालायची याच खोलीतल्या सर्व्हरवर, आणि नोव्हेंबर आला की त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. एकाच वेळी हजारो लोक साइट उघडायला जायचे आणि पडद्यावर पांढरं पान यायचं. मग तीच माणसं काठी टेकत व्हरांड्यात हजर.

एका मे महिन्यात तर मशीन रूमचा एसी जोडून आलेल्या सुट्ट्यांतच बंद पडला. दुरुस्तीवाला मिळेना. सुनेत्राताई घरचा टेबलफॅन घेऊन टॅक्सीने आल्या. मी माझा आणला. त्यांचे यजमान वसंतराव बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. आम्ही तिघं त्या सर्व्हरच्या कपाटाला वारा घालत बसलो होतो, जसं आजारी माणसाला घालतात. तरी शेवटी यंत्र बंद करावंच लागलं. त्या महिन्याचं पेन्शन लांबलं. पुढचा आठवडाभर फोन वाजत राहिले. त्यातला एक सुनेत्राताईंनी उचलला. पलीकडची बाई रागावली नव्हती. ती फक्त विचारत होती, "औषधवाला थांबेल ना हो तोपर्यंत?"

म्हणून जेव्हा सगळा कारभार क्लाउडवर न्यायचं ठरलं, तेव्हा सुनेत्राताई आडव्या येतील ही साहेबांची भीती खोटी ठरली. हे काम घेतलेल्या कंपनीकडून शंतनु नावाचा एक तरुण इंजिनिअर आला होता. मीटिंगमध्ये त्याने पडद्यावर ढगाचं चित्र दाखवलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सुनेत्राताईंनी हात वर केला.

"हे सगळं जाणार कुठे? म्हणजे, ठेवणार नेमकं कुठे?"

"मॅडम, एक डेटा सेंटर नवी मुंबईत आहे. दुसरं दूर, वेगळ्या राज्यात. दोन्हीकडे सगळ्याची प्रत. एकीकडे काही झालं तरी दुसरीकडून काम चालू राहतं. आणि नोव्हेंबरात गर्दी वाढली की तेवढ्यापुरती जास्त मशीनं घ्यायची, डिसेंबरात सोडून द्यायची."

"म्हणजे तिथेही थंड खोलीच."

"फार मोठी थंड खोली," शंतनु हसला. "आमच्यापैकी कुणीच ती पाहिलेली नाही. मीसुद्धा नाही."

सुनेत्राताई म्हणाल्या, "न्या. डिसेंबरात सोडून देता येतं हे चांगलं आहे. आम्हाला अकरा महिने नुसती थंडी पोसावी लागते."

प्रशिक्षण लोअर परळच्या एका उंच काचेच्या इमारतीत होतं. आम्ही दोघी गेलो. फाटकातून आत शिरताना सुनेत्राताई एकदम थबकल्या. मागच्या बाजूला विटांचं एक उंच धुराडं राखून ठेवलेलं होतं, खाली लॉन आणि दिव्यांची रोषणाई.

"अगं, ही बाबांची गिरणी," त्या म्हणाल्या.

त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, सूतकताईचं खातं कुठे होतं? तो बिचारा उत्तरेकडचा, वर्षभरापूर्वी आलेला. म्हणाला, "मॅडम, इधर फूड कोर्ट है, उधर पार्किंग." दुपारी बाकीचे वर जेवत होते. आम्ही डबा घेऊन धुराड्याच्या सावलीत बसलो. सुनेत्राताईंनी मला सांगितलं, गिरणी बंद झाल्यावरही कुशाबा बरीच वर्षं सकाळी फाटकापर्यंत येऊन परत जायचे. घरात कुणी त्यावर बोलायचं नाही. आई फक्त चहा उशिरा करायची, ते परत येईपर्यंत.

"बाबांना कुणी सांगितलंच नाही गं, की आता संपलं," त्या म्हणाल्या. "कागदोपत्री काही आलं नाही, कुणी बोलावलं नाही. नुसतं फाटक बंद. मला निदान आधी बोलावून विचारतायत."

मग त्यांनी पदराने डोळे टिपले, डबा बंद केला आणि वर जाऊन शंतनुला इतके प्रश्न विचारले की त्याचं दुपारचं सत्र संध्याकाळपर्यंत चाललं.

पुढे काही महिने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालल्या. पेन्शन इथेही निघायचं, तिथेही, आणि सुनेत्राताई व शंतनु दोन्ही ताडून बघायचे. तिसऱ्या वेळी काही फरक आला नाही, तेव्हा शंतनुने त्यांना टाळी दिली. तोवर तो 'मॅडम'वरून 'ताई'वर आला होता आणि त्यांच्या डब्यातली सुरणाची भाजी हक्काने खायचा.

शेवटचा दिवस शनिवारचा होता. अण्णा काठी घेऊन आले, दाराशी थांबले आणि सवयीने चपला काढू लागले. सुनेत्राताई म्हणाल्या, "राहू द्या अण्णा, आज चालेल." तरी त्यांनी काढल्याच. सुनेत्राताईंनी एकेक यंत्र क्रमाने बंद केलं. प्रत्येक वेळी घरघर थोडी कमी व्हायची. शेवटचं बंद झालं, मग एसी. आणि अशी शांतता पसरली की रस्त्यावरच्या फेरीवाल्याची हाक आत ऐकू आली. इतक्या वर्षांत त्या खोलीत बाहेरचा आवाज कधी आलाच नव्हता.

अण्णा म्हणाले, "कान बधिर झाल्यासारखे वाटतायत."

हळूहळू खोली तापायला लागली. सुनेत्राताईंनी स्वेटर काढून हातावर घेतला आणि खिडकीचं जुनं लाकडी दार जोर लावून उघडलं. मला वाटलं होतं त्या रडतील. रडला तो शंतनु.

पुढे त्या खोलीचं जेवणघर झालं आणि सुनेत्राताईंची बदली तळमजल्यावरच्या मदत कक्षात झाली. नोकरी दीडदोन वर्षं उरलेली. पेन्शनरांना नवी पद्धत समजावून सांगायची: मोबाइलसमोर चेहरा धरायचा, डोळे मिटून उघडायचे, की दाखला झाला. आयुष्यभर यंत्रांशी बोललेल्या बाईला आता दिवसभर माणसांशी बोलायचं होतं. पहिल्या दिवशी मी पलीकडच्या टेबलावरून ऐकत होते. एक सत्तरी ओलांडलेल्या बाई समोर बसल्या होत्या, ठसठशीत कुंकू, हातात छत्री. सुनेत्राताई सांगत होत्या आणि अख्खा मजला ऐकत होता.

त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बाय, मी बहिरी नाही. आणि माझं काही चुकलेलंही नाही."

सुनेत्राताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "माफ करा हो. तिकडे मशीनच्या आवाजात बोलायची सवय लागली."

"कसलं मशीन?"

मग त्यांनी सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. त्यांचं नाव गंगुबाई. परळच्या एका सरकारी इस्पितळात त्यांनी आयाचं काम केलं होतं, निवृत्तीनंतर देवगडजवळच्या गावी राहायला गेल्या होत्या. दर नोव्हेंबरात रात्रभर एसटीने प्रवास करून दाखल्यासाठी यायच्या. लालबागला भाचीकडे मुक्काम, इस्पितळातल्या मैत्रिणींची व्हरांड्यात गाठ, मग सगळ्यांनी मिळून दादरला साबुदाणावडा खायचा आणि फुलबाजारातून अबोलीचे गजरे घ्यायचे.

"म्हणजे पेन्शन तुमच्या हातून यायचं होय इतकी वर्षं?" गंगुबाई म्हणाल्या. "मला वाटायचं आपोआप येतं."

सुनेत्राताईंनी त्यांच्या फोनवर सगळं बसवून दिलं. चेहरा लागला, डोळे मिटले, उघडले, हिरवी खूण आली. गंगुबाई बघत राहिल्या.

"झालं?"

"झालं. पुढच्या वर्षी घरच्या ओटीवरूनच करा. यायची गरज नाही."

गंगुबाईंना आनंद झाला नाही. त्यांनी फोन पिशवीत ठेवला, छत्री घेतली, पुन्हा खाली ठेवली. "मग मी यायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "भाचीला काय सांगू? मैत्रिणी कुठे भेटणार? मुंबईला उगाच कोण येऊ देतं आमच्या वयाला?"

सुनेत्राताईंनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. त्यांनी चहा मागवला. दोघी तासभर बोलत बसल्या, मागच्या माणसांना मी माझ्याकडे घेतलं. जाताना त्यांनी एकमेकींचे नंबर घेतले.

पुढच्या नोव्हेंबरात व्हरांडा रिकामा होता. बाकांवर दोनचार माणसं, तीही बोटांचे ठसे किंवा चेहरा जुळत नाही म्हणून आलेली. साइट एकदाही बंद पडली नाही. मी मनातून त्या गर्दीची वाट बघत होते हे मला तेव्हा कळलं. एका सकाळी सुनेत्राताईंच्या पडद्यावरच्या नावांत गंगुबाईंचं नाव आलं, दाखला जमा. त्यांनी लगेच फोन लावला.

"आलात नाही ना शेवटी?"

"गुडघे चालत नाहीत गो बाय," पलीकडून आवाज आला. "एसटीत बसूक होता काय आता? बरा झाला तुमचा ह्या. पण कायतरी चुकल्यासारखा वाटता खरा. काल अबोली बघितली अंगणातली आणि दादर आठवला."

"मलाही व्हरांडा ओस वाटतो," सुनेत्राताई म्हणाल्या.

"मग तुम्हीच येवा. मेमध्ये येवा, यजमानांक घेवन."

सुनेत्राताई निवृत्त झाल्या त्याच मे महिन्यात. निरोपाचा कार्यक्रम छोटासाच केला. शंतनु खास रजा काढून आला होता. आणि दुसऱ्याच आठवड्यात त्या आणि वसंतराव खरंच देवगडला गेले. चार दिवसांसाठी म्हणून गेल्या होत्या, राहिल्या जवळजवळ दोन आठवडे. गंगुबाईंनी त्यांना वाडीतून घरोघर फिरवलं. निवृत्त शिक्षक, पोलीस, टपालातल्याची विधवा, ज्यांना ज्यांना फोनवर चेहरा लावता येत नव्हता ते सगळे दुपारी गंगुबाईंच्या ओटीवर जमायचे. नेटवर्क ओटीच्या एकाच टोकाला यायचं, म्हणून तिथे एक खुर्ची ठेवलेली असायची, आणि पाळीपाळीने एकेक जण तिथे बसायचा.

"आणि आवाज?" मी विचारलं. "ओरडलात की नाही सगळ्यांवर?"

"तिथे सगळेच ओरडून बोलतात गं," त्या म्हणाल्या. "कुणाला काही कळलंसुद्धा नाही."

येताना त्यांनी माझ्यासाठी एक फणस आणला होता. वसंतरावांनी तो टॅक्सीतून माझ्या दारापर्यंत आणून दिला. आम्ही चाळीच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून, हाताला खोबरेल लावून तो फोडला, आणि गरे खाता खाता सुनेत्राताई मला वाडीतल्या एकेकाचं नाव घेऊन सांगत राहिल्या, कोण कुठल्या खात्यात होतं आणि कुणाला किती मुलं आहेत.